बालमंदिरासमोरचा पांढरा चौकोन

कमी बोलणाऱ्या माणसाला लोक उगाच शहाणं समजतात. लग्न होऊन बडोद्याला आल्यावर माझ्याबद्दलचा हा गैरसमज चांगले काही महिने टिकला. मूठभर रांगोळीत मी तो कसा संपवला, ते सांगते. हसायचं तर शेवटी हसा, कारण मधे मला खरंच फार राग आला होता.

आमचं घर तिथल्या गोरवा भागात. खालच्या मोठ्या खोलीत सासूबाई बालमंदिर चालवतात. उन्हाळ्यात घरोघरी एसी सुरू झाले आणि संध्याकाळ झाली की गल्लीतले दिवे जायला लागले. गल्लीला नवा ट्रान्सफॉर्मर हवा, असं ठरलं. म्हणजे डीपी. हवी सगळ्यांना, दारात मात्र कुणालाच नको. आणि ती बालमंदिराच्या दारात आली, तर कोणती आई आपलं पोर तिथे पाठवेल? सासूबाईंनी इतकी वर्षं जपलेलं बालमंदिर बंदच पडायचं.

बैठका आमच्याच घरी व्हायच्या. पुढाकार समोरच्या कनुभाईंचा. फार गोड माणूस. मला गोड माणसांचा आधीपासूनच संशय येतो. त्यात मी साताऱ्याची. भरभर बोललेलं गुजराती निम्मं डोक्यावरून जायचं. पण डोळे होते ना! मी चहाचा ट्रे घेऊन गेले की बोलणं बंद. कनुभाई सासूबाईंकडे बघायचे, सासूबाई हळूच मान हलवायच्या, आत्ता नको अशी. मग सगळे आपापल्या कपात बघत बसायचे.

आता तुम्हीच सांगा, तुम्हाला काय वाटलं असतं? मला वाटलं, यांनी माझ्या साध्याभोळ्या सासूबाईंना गुंडाळलं. नवऱ्याला, मंदारला, सांगितलं तर तो म्हणाला, "तू सीरियल बघणं कमी कर." मी सीरियल बघतच नाही. म्हणजे हाही त्यांना सामील.

एका सकाळी अंगण झाडायला बाहेर आले, तर बालमंदिराच्या फाटकासमोर चुन्याचा चौकोन! बरोबर डीपीच्या मापाचा. डीपीचं माप मला ठाऊक नव्हतं, पण राग आला की मापं आपोआप जुळतात.

गल्लीत कुणी नव्हतं. मी बादलीभर पाणी ओतलं, खराटा मारला, चौकोन गायब. तिथे थांबले असते तर हा किस्साच झाला नसता. पण हाताशी रांगोळीचा डबा होता आणि समोर कनुभाईंचं फाटक. तेवढाच चौकोन त्यांच्या फाटकाच्या अगदी तोंडाशी काढून टाकला. हात सवयीने चालला. घ्या म्हटलं, आता बसा कपात बघत.

थोड्या वेळाने बालमंदिर भरलं आणि दोन गोष्टी एकदम झाल्या. इकडे पोरं बाहेर येऊन रडायला लागली, "अमारुं तळाव क्यां गयुं?" कारण तो चौकोन सासूबाईंनी आदल्या संध्याकाळी तळ्यात-मळ्यात खेळायला आखला होता. ते तळं होतं. मी पोरांचं तळं पुसलं होतं.

तिकडे वीजवाल्यांची माणसं पहार घेऊन कनुभाईंच्या फाटकाशी खणायला लागली होती.

"अरे भाई, आ शुं करो छो?" कनुभाई पेपर टाकून धावले.

मुकादम म्हणाला, "काका, डीपी का निशान यहीं है."

खरी खूण गल्लीच्या टोकाला, नाल्याजवळच्या मोकळ्या जागेत केलेली होती. सगळ्यांनी मिळून ठरवलेली जागा, घरांपासून लांब, बालमंदिरापासून त्याहून लांब. त्या खुणेवर रात्रभर गाई बसल्या, खूण गेली. मग ही माणसं चौकोन शोधत फिरली आणि त्यांना माझा सापडला.

मुकादम कौतुकाने बघत होता. "साहब की लाइन तो टेढ़ी होती है. ये बढ़िया है."

तेव्हा कनुभाई खाली वाकले. चौकोनाच्या उरलेल्या दोन्ही कोपऱ्यांवर एकेक नाजूक वेल होती. त्यांनी मान वर करून आमच्या उंबरठ्यावरची रांगोळी बघितली. सासूबाईंनीही बघितली. तीच वेल. माझ्याकडे मात्र कुणी बघितलं नाही, आणि ते जास्त वाईट होतं.

मग मी बडोद्यात आल्यापासूनचं सर्वात लांब वाक्य बोलले. "पण आई, मी चहा घेऊन आले की तुम्ही सगळे गप्प का व्हायचात?"

पुन्हा तेच. कनुभाईंनी सासूबाईंकडे बघितलं. या वेळी सासूबाईंनी मान हलवली ती होकाराची.

"बेटा," कनुभाई अगदी हळू आवाजात म्हणाले, "तुझ्या चामां खांड, साखरच नसते. एकदम फिक्की. गळ्याखाली उतरत नाय."

"मीच सांगितलं होतं त्यांना," सासूबाई म्हणाल्या. "म्हटलं नवी आहे, आधीच कमी बोलते, मनाला लावून घेईल. थोडे दिवस प्या तसाच."

डीपी नाल्याच्या कोपऱ्यावर उभी राहिली. पोरांचं तळं आता रोज मी आखते. वेलींसकट, कारण पोरांना तसंच लागतं. बैठकीचा चहा सासूबाई करतात. ट्रे मात्र मीच नेते आणि आता कुणी गप्प होत नाही. फक्त पहिला घोट घेण्याआधी कनुभाई अजूनही एकदा सासूबाईंकडे बघतात.