माझ्या बॅनरमागचा खांब

मित्रहो, आज स्वतःचीच लाज वाटली.

सकाळी लाखनीहून आलेल्या एका म्हाताऱ्या मावशींनी चौकात विचारलं, "बापू, जर्मनच्या लढाईत मेलेल्यांचं स्मारक कोठी हाये?"

"आपल्या गावात पहिल्या महायुद्धाचं स्मारक-बिमारक नाही, मावशी," मी बेधडक सांगितलं.

"हाये ना! माह्या आज्याचं नाव हाये त्याच्यावर. वर देवळासारखा कळस, खाली उलटी बंदूक कोरली हाये."

मी मान वळवली. कळस दिसत होता. बाकीचा काळा दगड माझ्याच वाढदिवसाच्या बॅनरनं झाकला होता. आमच्यासाठी तो फक्त बॅनर बांधायचा खांब!

मी दोर सोडला. मावशींनी बॅनर हळूच गुंडाळून माझ्या हातात दिला. "तुह्या फोटोले घडी नाही पडू देल्ली, बापू."

मग पदरानं आज्याच्या नावावरची धूळ पुसली.

तुमच्या गावच्या स्मारकावर सध्या कोणाचा चेहरा आहे?