मधुकरकाकांच्या टेबलावरचा उपास

अन्याय मधुकरकाकांवर झाला. दोन वर्षांपूर्वी, ईस्टरच्या रविवारी सकाळी, त्यांच्याच गेस्ट हाऊसमध्ये, नाश्त्याच्या टेबलावर. आधी हे लिहून ठेवते, बाकीचं नंतर. काकांचं आडनाव मात्र मुद्दाम लिहीत नाही. ते कळल्यावर आपली माणसं काय करतात, हे मी या डोळ्यांनी पाहिलंय.

काका गेल्याचा फोन आला तेव्हा मी केंब्रिजला लॅबमध्ये होते. “मधू गेला गं,” त्यांच्या स्कॉटिश पत्नी जीनकाकू इंग्रजीत एवढंच म्हणाल्या...  पण सुन्न झाले ते आठवड्यानं, लंडनच्या आपल्या मराठी मंडळाची ईमेल वाचून. ‘स्कॉटलंडमध्ये मराठी बाणा जपणारे आपले मधुकरकाका!’ आपले? कधीपासून?

गेस्ट हाऊसचं ते दगडी घर मुळात चर्चच्या पाद्र्यासाठी बांधलेलं. पुढे जीनकाकूंच्या आजीनं ते विकत घेतलं आणि उन्हाळ्यात पाहुणे ठेवायला लागली. तिचा नियम एकच: जेवायला सगळ्यांनी एका लांब टेबलावर बसायचं, जागा मिळेल तिथं. आजीनंतर आईनं आणि आईनंतर जीनकाकूंनी तो मोडला नाही. धरणाच्या कामावर आलेला नागपूरचा तरुण इंजिनिअर पहिल्या रात्री एक मेंढपाळ आणि एक शाळामास्तरीण यांच्या मधे बसला. “आणि मास्तरीण म्हणते, तो बटाट्यांचा वाडगा इकडे दे रे. माझ्या हातचा! त्या बटाट्यांपायी राहिलो मी इथं,” काका सांगायचे. जीनकाकू लगेच मला डोळा मारून विचारायच्या, “म्हणजे माझ्यापायी नाही?” लग्नानंतर स्वयंपाकघर काकांकडे आलं. ओट्सच्या लापशीच्या शेजारी कांदेपोहे आले, आणि ते आवडीनं खाणारी स्कॉटिश माणसं दरवर्षी परत यायला लागली.

त्या ईस्टरला मीही सुट्टीसाठी तिथं होते. मंडळाची मिनिबस शनिवारी संध्याकाळी आली. मराठी ऐकून काका इतके हरखले की रात्री वरण-भात, झुणका, सगळं स्वतः वाढलं. “अहो, काय चव आहे हाताला!” मंडळी बोटं चाटत होती. मग एका काकूंनी हसतहसत विचारलं, “नागपूरचे म्हणजे नागपुरात कुठले हो? आणि आडनाव काय म्हणालात?”

काकांनी सरळ सांगितलं.  त्यानंतर भाताचं भांडं पुढे सरकेना.

सकाळी पोह्यांना कुणी हात लावला नाही. चहासुद्धा नाही. “आमचा सगळ्यांचा आज उपास आहे,” त्याच काकू म्हणाल्या. जीनकाकूंना बिचाऱ्यांना वाईट वाटलं. “आज कुठला सण आहे, मधू?” त्यांनी विचारलं. काकांनी एकदाच माझ्याकडे पाहिलं. “आहे एक. मीच विसरलो,” ते म्हणाले. उपाशी माणसं लांबच्या प्रवासाला निघालीत म्हणून जीनकाकूंनी केळी आणि सफरचंदं पिशव्यांत भरून दिली. ती मात्र घेतली हां सगळ्यांनी! फळ चालतं. मी निरोप द्यायला बाहेर गेले, तर मिनिबसमध्ये चकल्यांचा डबा फिरत होता.

मी पत्रकं वाटणारी, भांडायला उभी राहणारी पोरगी. मी मिनिबसच्या दाराकडे धावणार तेवढ्यात काकांनी माझा दंड धरला. “जाऊ दे नं पोरी. जीनला सांगू नको. आपली माणसं आली होती म्हणून खूश आहे ती.”  पोहे त्यांनी शेजाऱ्याच्या कोंबड्यांना नेऊन घातले. मराठी पाहुण्यांचं बुकिंग पुढे त्यांनी कधी घेतलं नाही. विचारणाऱ्यांना सांगायचे, खोल्या भरल्यात.

आणि आता मंडळ लंडनमधल्या पिनरच्या हॉलमध्ये शोकसभा घेतंय. जीनकाकू एवढ्या लांबून येणार आहेत. परवा फोनवर मला विचारत होत्या, “ती उपास करणारी देवभोळी मंडळी येतील ना गं?” मी सभेची वेळ सांगून फोन ठेवला.

म्हणून हे मराठीत लिहितेय. जीनकाकूंना मराठी वाचता येत नाही. काकांना दिलेला शब्द मी पाळतेय. पण तो शब्द माझा आहे, तुमचा नाही. त्या सकाळी टेबलावर बसलेले तुम्ही हे वाचताय, मला माहीत आहे. हार घेऊन येऊ नका. भाषणं करू नका. सभा सुरू होण्याआधी त्या बाईसमोर उभे राहा आणि तुमच्या तोंडानं सांगा, की त्या दिवशी उपास नव्हता. मग तो कशासाठी केला, तेही सांगा.