गोदामावरच्या ऑफिसातले प्रश्न

निवृत्त झाल्यापासून मला इतिहासाबद्दल कुणी काही विचारलं नव्हतं. त्यामुळे आमच्या शाळेतल्या सरांचा फोन आला तेव्हा आधी बरं वाटलं, आणि लगेच शंका आली.

"बाई, इतिहासाचे प्रश्न लिहायला अनुभवी शिक्षक हवेत. मी लिहितोय थोडे दिवस. तुमचं नाव सुचवलंय."

"कुणाला हवेत?"

"मोबाइलवर सराव परीक्षा घेणारी कंपनी आहे. वळ गावात ऑफिस आहे त्यांचं."

वळ गावात सगळी गोदामं आहेत. तिथे इतिहासाचं काय काम? शेजारच्या वहिनींना नुकतंच कुणीतरी फोनवरून गोड बोलून फसवलं होतं. पण सर ओळखीचे होते. कित्येक वर्षं आम्ही एकाच शिक्षकखोलीत वह्या तपासल्या होत्या. ते अजून नोकरीत होते. शनिवारी दुपारी त्यांच्याबरोबर रिक्षाने गेले.

खाली ट्रक लागलेले, खोकी उतरत होती. लोखंडी जिना चढून गेल्यावर काचेची एक खोली होती. भिंतीवर ना पाटी, ना कॅलेंडर. बाहेर पाटी का नाही, असं मी विचारलं. काम बघणारी मुलगी हसली. "मॅडम, जागा नवी आहे, पाटी बनवायला दिली आहे." माझ्या मुलीच्याच वयाची असेल. बोलायला चटपटीत, पण माझी शंका काही हटेना. आधार कार्ड मागितलं तर सरळ उठायचं, असं मी ठरवलं होतं.

तिने आधार मागितलं नाही. वेगळंच विचारलं. "यंदा बोर्डाचा पेपर काढणाऱ्यांत तुम्ही नाही ना?"

"का विचारताय?"

"असाल तर आम्हाला घेता येत नाही. उद्या एखादा प्रश्न तिकडे सारखा निघाला तर आम्ही गेलो कामातून. सगळ्यांना विचारतो. सरांनाही विचारलं होतं."

"मी कुठला तिथे," सर म्हणाले आणि चहाचा कप उचलला.

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. याच दिवाळीनंतर मी कोन गावात त्यांच्या घरी गेले होते. सर नव्हते. त्यांच्या बायकोने मला आत बसवून हळूच सांगितलं होतं, "ते पेपर काढायला गेलेत, बाई. कोनाला बोलायचं न्हाय हां." आजवर मी कुणाला बोललेही नव्हते.

त्या मुलीला म्हटलं, विचार करून कळवते. खाली आलो. ट्रकच्या आडोशाला मी सरांना थांबवलं.

"तुम्ही खोटं बोललात."

त्यांनी आधी नाही म्हणून बघितलं. मग म्हणाले, "तिथे काय होतं माहीत आहे का? मी जीव ओतून प्रश्न लिहायचा आणि वरचे लोक त्याची पार चटणी करणार. शेवटी उरतं ते 'कारणे लिहा'. इथे माझा प्रश्न जसाच्या तसा पोरांपर्यंत जातो."

"आणि तिथला प्रश्न इथे?"

"न्हाय हो! काय समजता मला?" चिडले की सर घरच्या बोलीवर यायचे. "दोन्हीकडं येगयेगळं लिहितो मी."

"डोकं तर एकच आहे ना, सर?"

ते रिक्षा बघू लागले. मी म्हटलं, "वर जाऊन सांगा. तुम्ही नाही सांगितलंत तर मला सांगावं लागेल."

ते जिना चढून गेले. थोड्या वेळाने उतरले. "सांगितलं," एवढंच बोलले. परतीच्या रिक्षात आमच्यामध्ये माझी पर्स होती आणि दोघंही आपापल्या बाजूने बाहेर बघत होतो.

संध्याकाळी त्या मुलीचा फोन आला. "सरांनी तब्येतीमुळे काम सोडलंय, मॅडम. तुम्ही याल ना?"

तब्येत! मला हसूही येईना. फोन ठेवून द्यावा, आपल्याला काय करायचंय, असंही वाटून गेलं. पण त्यांचे प्रश्न तर तिथेच राहिले होते. खरंच वेगळे असतील, नसतीलही. मी कसं सांगणार? त्यांनाही ते नक्की सांगता आलं असतं का?

"त्यांनी दिलेले प्रश्न वापरू नका," मी म्हटलं.

"का?"

मी सांगितलं. मग ती म्हणाली, "सगळे काढून टाकते."

मी ते काम घेतलं. सरांचा फोन पुन्हा आला नाही. बाजारात त्यांच्या बायकोने एकदा गाठलं. "तुमचं दोघांचं काय बिनसलं, बाई?" तिने आपलं समजून सांगितलेलं मी बाहेर बोलले होते. भाजी निवडत राहिले आणि काही नाही म्हटलं. तिला ते पटलं नसावं.

ती मुलगी माझे प्रश्न नीट तपासते. चुका काढते, कधी दादही देते. पण प्रत्येक खेपेला न चुकता विचारते, "मॅडम, हा आधी कुठे दिलेला नाही ना?"

मी नाही म्हणते. त्यानंतर ती क्षणभर थांबते, आणि मगच पुढचा प्रश्न वाचते.