मागावरची आई आणि काळी पट्टी

दिवाळीनंतरचा रविवार. शहापूरच्या घरातली माडीवरची खोली. हजर: थोरले भाऊ अण्णा, बहीण आक्का, निपाणीहून बोलावलेला फोटोग्राफर आणि मी.

काकांचा स्टुडिओ बंद पडल्यावर काचेच्या निगेटिव्हचा खोका आमच्याकडे आला होता. काचेवरचा चित्राचा थर कडेनं सुटू लागला, म्हणून कॅमेऱ्यानं प्रती काढून घ्यायचं मी ठरवलं. सूचना आधीच दिल्या: हातमोजे घालायचे, काच कडेला धरायची, थराची बाजू वर ठेवायची, पुसायचं नाही, धूळ रबरी फुगा दाबून त्याच्या हवेनं उडवायची.

फोटोग्राफरचा हात सराईत होता. तो एकेक काच उजेडाच्या पेटीवर ठेवून वरून टिपत होता. अण्णांची नजर मात्र त्याच्यावरच. मला जिन्यात ओढून म्हणाले, "ह्याची सासुरवाडी वडगावची. पॉवरलूम हाईत त्यांचे."

"मग?"

"मग काय? आईचा काठ अजून कुणाला जमलेला न्हाय. फोटो बघून उचलतील."

साडीचा तो काठ आईनं बसवलेला; ती गेल्यावर त्या काठाच्या साड्या अण्णा आजही हातमागावर विणतात. घर त्यावरच चालतं. आणि आईचा एकुलता एक फोटो म्हणजे खोक्यातली शेवटची काच: आई मागावर बसलेली, हात काठावर.

ती काच पेटीवर आली. फोटोग्राफरनं कॅमेऱ्याच्या पडद्यावर चित्र मोठं केलं, तर नेमका काठच. धागा न् धागा मोजता यावा इतका स्वच्छ.

"फोकस बघतोय," तो म्हणाला.

फोकस चेहऱ्यावरही बघता आला असता. अण्णांच्या संशयाला मी मनात हसलो होतो, आता तो मलाही पटला. काचेला धक्का न लावता खालून काळ्या कागदाची पट्टी सरकवली. काठ झाकला गेला. अण्णांनी मान डोलावली.

आक्का वाकून बघायला लागली. "आईचे हात कुठं गेले रं?"

"पट्टीखाली."

"आई कधी अशी नुसती बसली व्हती व्हय? काढ ती पट्टी!"

"फोटोंचं मेमरी कार्ड इथंच ठेवून जातो, अण्णा," फोटोग्राफर म्हणाला.

"आन् डोळ्यांत घालून नेलंस तर?"

त्यानं हातमोजे काढले आणि बाकीच्या काचांच्या प्रती देऊन तो निघून गेला.

आता अण्णा म्हणतात, "तूच शीक कॅमेरा." आईचा फोटो निघाला का, असं आक्का रोज फोनवर विचारते. माझ्या यादीत एक सोडून सगळ्या काचांपुढं खूण झाली आहे. आईच्या काचेवरचा थर काल कोपऱ्यात आणखी थोडा उचललेला दिसला. तिची प्रत अजून काढायची आहे.