आईच्या डोळ्याचा कोपरा

हे मी आजवर कुणापाशी बोललेलो नाही. बहिणीपाशी नाही, हॉस्टेलवरच्या जिवलग मित्रापाशीही नाही. तुमच्यापुढे तरी नीट सांगता येईल का — माहीत नाही.

आमच्या घरातून कॉलेजात गेलेला पहिला मी. डिंगोऱ्याहून एसटीनं जुन्नरला जायचो. सायन्सला होतो, म्हणून घरात ताप आला तरी गोळी कुठली घ्यायची हे मला विचारायचे. मी सांगायचोही. अण्णा — माझे वडील — आल्यागेल्याला म्हणायचे, "आमचा अर्धा डाक्टर हाय ह्यो." मला ते आवडायचं. हेच आधी सांगायला हवं — मला ते फार आवडायचं.

एका सकाळी आईनं मला ओसरीवर उजेडात बसवलं आणि उजव्या डोळ्याचा नाकाकडचा कोपरा दाखवला. तांदळाच्या दाण्याएवढी चकाकणारी गाठ. मधोमध रक्ताची बारीक खपली. ती खपली मी पाहिली होती.

"तुझ्या अण्णांना सांगू का रं?"

मला त्यातलं काही कळत नव्हतं. पण तेवढं म्हणायला जीभ रेटली नाही. तीळ आहे, वाढलाय जरा, काही होत नाही — असं मी सांगितलं. वर म्हणालो, उगीच कुणाला सांगू नकोस.

पुढे तिनं पुन्हा विचारलं. मी जेवत होतो. "एकदा सांगितलं ना!" असं खेकसलो. त्यानंतर तिनं विचारलं नाही. पदर पुढे ओढून कांद्याच्या खुरपणीला जात राहिली.

वर्ष उलटलं. ओतूरला डोळे तपासणीचं शिबिर झालं आणि तिथल्या डॉक्टरांनी तिला थेट पुण्याला पाठवलं. कातडीचा कॅन्सर. सहसा अंगभर पसरत नाही, पण जागच्या जागी पोखरत जातो, असं सर्जन म्हणाले. गाठ कधीपासून आहे, असं त्यांनी विचारलं. आईनं एकदा माझ्याकडं बघितलं. "ध्यानात न्हाई," म्हणाली.

दाण्याएवढी असताना आणलं असतं तर चार टाक्यांत भागलं असतं म्हणे. आता वरची-खालची पापणी जिथं मिळते तो कोपराच काढायचा, आणि भुवयांच्या मधली कातडी खाली वळवून तिथं नवा कोपरा करायचा होता. त्या कातडीवर आईचं लहानपणीचं गोंदण होतं, हिरवा ठिपका. तो डोळ्यापाशी सरकेल, चालेल का, असं सर्जननी विचारलं.

"येऊ द्या की," आई म्हणाली. "डोळ्याला नजर तरी न्हाई लागायची."

सगळे हसले. मीही हसलो — कसा हसलो असेन?

ऑपरेशन नीट झालं. डोळा वाचला. पण कोपरा आता टोकदार नाही, गोल आहे, आणि डोळ्यातलं पाणी आत जायची वाट गाठीबरोबर गेली. ते गालावर येत राहतं.

वॉर्डाबाहेर मामानं अण्णांना धरलं. "दाजी, वरीसभर बायकोच्या तोंडाकडं बघितलंच न्हाई का वो तुमी? का निस्ती भाकरीच दिसत व्हती?"

अण्णांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. मग म्हणाले, "माझंच चुकलं, पावणं."

मी तिथंच होतो, चहाची किटली घेऊन. एकच वाक्य बोलायचं होतं. मी कप भरत राहिलो.

मग चूक अण्णांचीच, हे घरात ठरूनच गेलं. अण्णा रोज संध्याकाळी स्वतः तिच्या डोळ्यात मलम घालायचे. एकदा आई म्हणाली, "अवं, कशाला जिवाला लावून घेता? ह्यानं तर —" आणि थांबली. मी पुस्तकात मान घातली. तिला थांबवणारा मीच ना?

अण्णा गेल्या वर्षी वारले. शेवटच्या दिवसांत त्यांनी आईला जवळ बोलावलं, त्या गोल कोपऱ्यावरून अंगठा फिरवला.

"म्या बघायला पायजे व्हतं," म्हणाले.

मी उशाशी बसलो होतो. ते शुद्धीवर होते. त्यांना ऐकू येत होतं. मी चमच्यानं त्यांच्या तोंडात पाणी घातलं, आणि काही बोललो नाही.