दंड भरलेला माणूस

चानतिप उगाच चिडते, असं वियांग तानच्या बाजारात सगळे म्हणायचे. उगाच म्हणे! चौदाव्या वर्षापासून बैलांमागे डोंगर तुडवत आलेली बाई. पस्तिशीला पोचेपर्यंत एकानंही कधी ‘तुझं बरोबर होतं’ एवढं म्हटलं नाही. तिनं काय टोपली पुढ्यात घेऊन हसत बसायचं?

धंदा मिआंगचा. डोंगरातला चहाचा पाला उकडायचा, आंबवायचा, त्याच्या जुड्या बांधायच्या. लोक मिठाच्या खड्याबरोबर गालात धरून दिवसभर चघळतात. बापाला मुलगा नव्हता. दम्यानं त्याची छाती भरली, तेव्हा त्यानं अठरा बैलांचा तांडा पोरीच्या हवाली केला. बाईमाणूस बैलांमागं गेलं की वाट रुसते, असं सांगायला गावातले शहाणे आले. म्हातारा खोकत म्हणाला, “रुसली तर तिला म्हणावं, मला येऊन सांग.” वाट काही आली नाही. जाताना मिआंग आणि येताना पलीकडचं मीठ घेऊन चानतिपनं लाल कड्याची खिंड बावीस वेळा ओलांडली.

तेविसाव्या वेळी तिच्या तांड्याबरोबर हार्लंड होता.

हार्लंड म्हणजे इंग्रज सरकारचा वियांग तानमधला कॉन्सल. नदीकाठी बंगला, बंगल्यावर निशाण, दारात दोन शीख शिपाई. आधी कुठल्याशा बंदरात कारकून होता, मग दुभाष्या झाला, मग इथं साहेब म्हणून आला. डोंगरापलीकडे काय आहे ते सरकारला कळवायचं, नकाशा काढायचा आणि नाव कमवायचं, हे त्याचं काम. इथली बोली तो अशी बोलायचा, की बाजारात भाव करताना शिवीसुद्धा बरोबर जागी द्यायचा. बायका खूश व्हायच्या. आपली बोली बोलणारा माणूस आपलाच, असं आपल्याला वाटतं. ही आपली जुनी खोड आहे.

खिंडीत दुसऱ्याच मुक्कामाला साहेब तापानं आडवा झाला. चानतिपनं त्याला कडू सालीचा काढा पाजला, बैलाच्या पाठीवर बांधून वर नेला, पलीकडच्या सरदारांना सांगून त्याच्यासाठी तांदूळ मिळवला. ताप उतरला की तो प्रत्येक चढावर एक छोटं भांडं काढायचा, पाणी उकळायचा, त्यात काचेची कांडी बुडवून बघायचा, वहीत लिहायचा आणि पाणी ओतून द्यायचा. तांड्यातली माणसं हसून बेजार. “साहेब एवढं पाणी उकळतो आणि चहा काही करत नाही!” पाण्याच्या उकळीवरून डोंगराची उंची मोजतो, असं तो म्हणाला. चानतिपला ते आवडलं. एवढं कष्टानं बघणारा माणूस तिनं पाहिला नव्हता.

दोन वर्षांनी त्याचं पुस्तक छापून आलं. त्यानं मोठ्या कौतुकानं तिला नकाशा उलगडून दाखवला. लाल कड्याच्या जागी बोट ठेवून म्हणाला, “हार्लंडची खिंड. विलायतेतल्या मंडळानं पदक दिलंय मला. शोध लावल्याबद्दल.”

“शोध?” चानतिप म्हणाली. “तिथं माझ्या बैलांचे शेणाचे पवटे पडले होते, त्यावरून तूच घसरलास की. ते नाही लिहिलंस?”

तो हसला. त्याला वाटलं, ती गंमत करतेय.

“मी कुठंय यात?”

त्यानं पानं चाळली, एका ओळीवर बोट ठेवलं. “हे बघ. ‘स्थानिक हमाल.’”

त्या दिवशी त्याच्या ताटातला चिकट भात चानतिपनं कोंबड्यांना घातला. नुसता राग नव्हता तो. लाज वाटली तिला, कारण तोपर्यंत तो माणूस तिच्या घरात झोपत होता आणि त्याची पोर तिच्या मांडीवर होती.

तर ते असं. आमच्याकडे घर आईचं असतं. आतल्या खोलीत पूर्वेच्या भिंतीला पितरांची फळी असते, आणि त्या खोलीचा उंबरा परका पुरुष ओलांडत नाही. ओलांडला तर पितरांचा अपराध होतो. मग डुकराचं मुंडकं आणि तांदळाची दारू फळीपुढे ठेवायची, घरातल्या सगळ्यात थोरल्या बाईनं पितरांना सांगायचं, की हा माणूस आता आपला. झालं लग्न. चिठ्ठी नाही, चपाटी नाही. हार्लंडनं उंबरा ओलांडला, दुसऱ्या दिवशी मुंडकं आणलं, फळीपुढे गुडघे टेकले. चानतिपच्या आईनं, उई पेंगनं, त्याच्या मनगटाला पांढरा दोरा बांधला. आपण काय करतोय हे त्याला कळत नव्हतं, असं कुणी म्हणू नये. या विधीवर त्याच्या पुस्तकात अख्खी तीन पानं होती.

पोरीचं नाव बुआतोंग. केस मधाच्या रंगाचे, जीभ आईची. दर पौर्णिमेला पॉ, म्हणजे तिचा बाप, तिला आपल्या मोजणीच्या काठीशी उभी करायचा आणि खूण करायचा. बाप कामावर निघाला, की काचेच्या कांडीची पेटी बुआतोंग उचलायची. दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायची नाही. काठीवर अशा चौऱ्याऐंशी खुणा झाल्या होत्या.

मग साहेबाला बढती आली. दुसरा देश, मोठा बंगला. आणि मौलमीन बंदरात जहाजानं एक मडम येणार होती, लग्न ठरवून. ही बातमी चानतिपला बाजारात कळली, नवऱ्याकडून नव्हे. घरी येऊन त्यानं सांगितलं ते वेगळंच: पाच दिवसांनी तांडा निघेल, आणि बुआतोंग त्याच्याबरोबर जाईल. रंगूनजवळ अनाथ पोरींची एक शाळा आहे, तिथं राहील.

“अनाथ?” चानतिपच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. “मी मेले का?”

“तिथं तिला शिकायला मिळेल. इथं काय करणार ती? बैल हाकणार?”

“ज्या बैलांनी तुला पदक मिळवून दिलं, ते बैल?”

“मी तिचा बाप आहे, चानतिप. आमच्या कायद्यानं मूल बापाचं.”

तिनं दार लावून घेतलं. त्यानं शिपाई पाठवले नाहीत. तसला माणूस नव्हता तो, सभ्य होता. त्यानं नगराच्या फयाकडे अर्ज केला. फया म्हणजे राजाचा न्यायाधीश, सुपारीनं दात काळे झालेला, झोपाळू डोळ्यांचा म्हातारा. इंग्रज कॉन्सलला नाही म्हणायची ताकद त्याच्यात नव्हती, तशी राजातही नव्हती. चानतिप हे पक्कं जाणून होती. दोन दिवस ती गालात मिआंग धरून गप्प बसून राहिली. उई पेंग घाबरली. लेक ओरडते तेव्हा ती घाबरत नसे.

तिसऱ्या दिवशी सकाळी दरबार भरला. अर्धा बाजार अंगणात. हार्लंड इथल्या रीतीप्रमाणे जोडे काढून, पाय मागे दुमडून बसला होता. शेजारी त्याच्या मंडळींचा पाद्री, नव्या मडमेच्या घरचा ओळखीचा. बुआतोंग आजीचा हात धरून उभी होती. बापाला बघून हसली.

“साहेब बाप आहेत, यात वाद नाही ना?” फयानं जांभई दाबत विचारलं.

“वाद आहे,” चानतिप म्हणाली. अंगणात कुजबुज उठली. “फया, मला साहेबांना एकच विचारायचंय. तुम्ही माझ्या आईच्या घरी मुंडकं ठेवलंत, दारू ठेवलीत, दोरा बांधून घेतलात. ते लग्न होतं का?”

हार्लंडनं दुमडलेले पाय सावरले.

“होतं म्हणालात तर उत्तम. मग तुम्ही आमच्या घरचे. आमच्याकडे जावई सासूच्या घरात राहतो, तर राहा. पाणी भरा, छप्पर शाकारा. ती जहाजातली मडम येईल, तिलाही आणा. धाकटी म्हणून येईल, उंबऱ्याबाहेर बसेल, मला वाकून नमस्कार करेल. मी काही वाईट नाही, जेवायला घालीन तिला.”

बाजार खदखदून हसला. पाद्रीचा चेहरा मात्र लाल झाला. त्याला बोली कळत होती, आणि ही गोष्ट मडमेपर्यंत जाणार हे हार्लंडलाही कळत होतं.

“हा तमाशा कशासाठी, चानतिप?” तो हळू म्हणाला.

“आणि नव्हतं म्हणालात,” चानतिपचा आवाज चढला, “तर परक्या घरातली पोर मागायला आला आहात कोण तुम्ही? बोला! इतकी वर्षं बोलत होतात की, आज जीभ कुठं गेली?”

फयाचे झोपाळू डोळे आता पुरते उघडले होते. “साहेब, प्रश्न रीतीला धरून आहे,” तो म्हणाला. “उत्तर द्यावं लागेल.”

हार्लंडनं पाद्रीकडे पाहिलं. मग समोरच्या चटईकडे. मग आपल्या त्या सुरेख, बिनचूक बोलीत तो म्हणाला, “मी आतल्या खोलीचा उंबरा चुकून ओलांडला होता. मुंडकं हा त्याचा दंड होता. लग्न नव्हतं.”

अंगणातलं हसू बंद झालं. फयानं पिंक टाकली, तोंड पुसलं.

“दंड भरला की प्रकरण मिटतं,” तो म्हणाला. “दंड भरलेल्या माणसाला त्या घरात मूल नसतं. पोर आईची.”

याच वाक्यासाठी चानतिप आली होती. शब्दन् शब्द तिनं दोन दिवस तोंडात घोळवला होता. तरी ‘नव्हतं’ हे त्याच्या तोंडून ऐकल्यावर तिला वाटलं, पुढे जाऊन त्याच्या थोबाडीत द्यावी. जिंकूनही हात शिवशिवत होते. तो जोडे घालून निघाला. पोरीपाशी थांबून काहीतरी बोलणार होता. बुआतोंगनं आजीच्या लुगड्यामागे तोंड लपवलं.

घरी आल्यावर उई पेंग म्हणाली, “पितरांनी ऐकलं असेल. नवीन मुंडकं ठेवावं लागेल. हा आपला, असं मी त्यांना सांगितलं होतं, ते खोटं पडलं ना.”

“त्यानं खोटं बोलायचं आणि डुक्कर आपण कापायचं?” चानतिप कडाडली. “आयुष्यभर त्याचं निस्तरतच बसायचं का मी?” पण दुसऱ्या दिवशी तिनं डुक्कर आणलं.

साहेबाचा तांडा दोन दिवसांनी गेला. दरबारापासून बुआतोंग तीन दिवस जेवली नव्हती. चौथ्या दिवशी सकाळी आई बैलांच्या गळ्यात घंटा बांधत होती, तेव्हा पोर परसातून आली. तिच्या हातात मोजणीची काठी होती. बंगल्याच्या कचऱ्यातून उचलून आणली होती तिनं.

“तो ‘लग्न नव्हतं’ म्हणणार, हे तुला माहीत होतं?”

“होतं.”

“मग मला कशाला नेलंस तिथं?”

चानतिपनं घंटेची गाठ आवळली. या पोरीशी खोटं बोलायचं नाही, एवढं तिनं ठरवलं होतं. “तू स्वतःच्या कानांनी ऐकलं नसतंस, तर जन्मभर त्याची वाट बघत बसली असतीस.”

“बघितली असती,” बुआतोंग किंचाळली. आवाज अगदी आईचा. “मला बघायची होती!”

तिनं काठी आईच्या पायांशी फेकली आणि ती घरात गेली. चानतिप बैलाला धरून उभी राहिली. मग वाकून तिनं काठी उचलली आणि तिच्यावरची माती पुसली.