कॉम्प्युटरचं कुंकू

भुईगावात आलोशियसच्या वाडीत केळी पिकवायची एक लांबलचक खोली होती. तिथे आता जुने कॉम्प्युटर मांडलेत. दारावर 'संगणक संग्रहालय' अशी झकास पाटी आहे, पण गावात तसं विचाराल तर कोणी रस्ता सांगणार नाही. 'आलोशियसचं भंगार' म्हणा, लगेच सांगतील. रविवारी सकाळची चर्चमधली मिस्सा सुटली की तो कुलूप काढतो आणि मी दाराशी टेबल टाकून बसतो. मी मूळचा साताऱ्याकडचा, नोकरीपायी विरारला आलो आणि फ्लॅट घेऊन इथलाच झालो. कॉम्प्युटरचं मला काडीचं प्रेम नाही. निवृत्त झाल्यावर रविवारी घरात बसून सगळ्यांच्या चुका काढतो, म्हणून बायकोने, अक्षदाने, मला इथे लावून दिलंय.

आलेल्या माणसांना हे भंगार समजावून सांगायचं काम सावित्रीबाईंचं. त्याही माझ्यासारख्याच फुकट काम करतात, फरक इतकाच की त्या हौसेने करतात.

सावित्रीबाई जवळच्याच निर्मळ गावच्या. घरची केळीची नि मोगऱ्याची वाडी, पण त्यांचं उभं आयुष्य गेलं वसई पूर्वेच्या एका काचेच्या बाटल्यांच्या कारखान्यात, बिलं करायच्या खात्यात. काखेत पर्स, अंबाड्यात गजरा, आणि आवाज असा की मला बाहेर बसून सगळं पाठ झालंय. "ह्या कॉम्प्युटरसाहेबांना एसी होता हो, आम्हाला पंखा! आम्ही बायका आत जायचो ते कामाला नाही, गार व्हायला." पोरं खो खो हसतात. कोणी तरी विचारतंच, ह्याची मेमरी किती होती? "आमच्यापेक्षा कमी. म्हणून तर आम्हाला पगार देऊन ठेवलं होतं!" वीस मिनिटांत उरकण्यासारखी गोष्ट, बाई तास लावतात. तोवर माझा चहा दोनदा गार होतो. पण एक सांगतो, त्या बोलायला लागल्या की घाईत आलेली माणसंही भिंतीला टेकून उभी राहतात.

आलोशियसशी त्यांचं सतत वाजतं. दोघांच्या घरच्या बोली वेगळ्या, तरी एकमेकांना बरोब्बर कळतात. भांडण रंगात आलं की दोघंही आपापल्या बोलीत शिरतात आणि मी साताऱ्याचा माणूस नुसता तोंडाकडे बघत बसतो.

गेल्या श्रावणात आलोशियसने टेम्पो भरून नवं भंगार आणलं. सावित्रीबाईंचा कारखाना बंद पडून वर्षं झाली होती, त्याचं गोदाम रिकामं होत होतं. रविवारी बाई आल्या, त्या ढिगाऱ्यासमोर थबकल्या आणि ओरडल्याच, "अगंबाई! हा आमचा!" पिवळा पडलेला, स्क्रीनच्या वरच्या कोपऱ्यावर काळपट लाल डाग पडलेला एक कॉम्प्युटर होता. "ह्याच्यावर मी आणि विनिता बसायचो. एकीनं बिल वाचायचं, दुसरीनं मारायचं." त्या दिवशी त्यांचं लोकांकडे लक्षच नव्हतं. मधूनच जायच्या, त्याच्यापाशी उभ्या राहायच्या, परत यायच्या. विनिता त्यांची कारखान्यातली मैत्रीण. ती वारली, एवढं मला ऐकून माहीत होतं.

आलोशियसने हे सगळं पाहिलं आणि त्याच्या डोक्यात आलं की बाईंना खूश करायचं. हा माणूस तसा तोंडाने गोड बोलणार नाही, जे काय करायचं ते हाताने. केसांचा रंग उडवायचं कसलंसं पांढरं क्रीम त्याने पार्लरमधून आणलं, त्या कॉम्प्युटरला चोपडलं, वर प्लास्टिक गुंडाळलं आणि ऊन मिळेल तिथे आठवडाभर फिरवत राहिला. ढग आला की आत, ऊन आलं की बाहेर. बाळंतिणीच्या पोराला कोणी इतकं जपलं नसेल. पुढच्या रविवारी कॉम्प्युटर दुधासारखा पांढराशुभ्र! त्याने तो खोलीच्या मधोमध ठेवला आणि बाईंची वाट बघत दारातच उभा राहिला.

बाई आल्या. बघितलं. स्क्रीनच्या वरच्या कोपऱ्यावरून बोट फिरवलं.

"कसा झालाय?" आलोशियस म्हणाला. "सगळं पुसून काढलं! एक डाग ठेवला नाही."

"छान झालाय," बाई म्हणाल्या. डोकं दुखतंय असं सांगून त्या घरी गेल्या, आणि पुढचे दोन-तीन रविवार फिरकल्याच नाहीत.

आमची जी फटफजिती झाली ती काय सांगू! एका रविवारी गाइड म्हणून मला उभं केलं. मी आपलं "हा कॉम्प्युटर, हाही कॉम्प्युटर, आणि हा त्यांचा प्रिंटर" असं करत सगळ्यांना पाच मिनिटांत बाहेर काढलं. आलोशियस माझ्यावर चिडला नाही, तेव्हाच मला कळलं की त्याचं काही खरं नाही. फोन केला की बाई म्हणायच्या, जरा घरात काम आहे. शेवटी तो मला म्हणाला, "तुम्ही जाऊन या हो निर्मळला. माझं काय चुकलं ते बघा. त्या येणार नसतील तर मी हे बंद करतो. मला बोलता येत नाही, आणि तुम्हाला तर त्याहून येत नाही."

गेलो. बाई ओट्यावर मोगऱ्याचे गजरे करत बसल्या होत्या. मी आडवळणाने विचारायला लागलो, त्यांनी सरळच सांगितलं.

"ते डाग नव्हते, दादा. कुंकू होतं. खंडेनवमीला कारखान्यात पूजा असायची ना, मशिनींची, तशी आमच्या कॉम्प्युटरचीही. झेंडूचा हार, हळद, कुंकू. विनिताचा नवरा लग्नानंतर थोड्याच वर्षांत गेला. घरी तिला कुंकवाच्या करंड्याला हात लावू देत नव्हते. पहिल्या वर्षी पूजेला ती मागेच उभी राहिली. मी म्हटलं, अगं, ह्या डबड्याला काय नवरा आहे का सासू? लाव तू! तेव्हापासून दर वर्षी तीच लावायची. ऐटीत, अंगठ्याने, हे एवढं मोठं. नवे साहेब आले नि म्हणाले, मशीन खराब होईल. आम्ही सगळ्याजणींनी म्हटलं, होऊ दे." त्यांनी हातातला गजरा खाली ठेवला. "एकदा तिचं कुंकू लोकांनी पुसलं, तेव्हा मी काही करू शकले नाही. आता दुसऱ्यांदा पुसलं गेलं, तेही माझ्यासाठी."

"मग 'छान झालाय' कशाला म्हणालात?" मी जरा रागानेच विचारलं.

"त्यांचा चेहरा नाही बघितलात तुम्ही? काय म्हणणार?"

मी कॉम्प्युटरकडे बघत नाही हे माझं ब्रीद, नाहीतर मला तरी ते कुंकू ओळखू यायला हवं होतं. परत येऊन मी आलोशियसला सगळं सांगितलं. तो खुर्चीत बसला. "मला वाटलं लाल शाई," एवढंच म्हणाला. मग उठून त्याने स्कूटर काढली आणि मला मागे बसवून थेट निर्मळला नेलं. ओट्यावर दोघं आपापल्या बोलीत बराच वेळ बोलले. बाईंनी एकदा डोळे पुसले, त्याने दोनदा. मला कुंकू हा एक शब्द तेवढा कळला. मी आपला चहा प्यायलो.

परतीच्या वाटेवर विचारलं, "काय म्हणालात?"

"म्हटलं, तुम्ही या आणि परत लावा. मी आयुष्यात हात लावणार नाही त्याला."

"मग?"

"म्हणाल्या, मी लावलं तर ते माझं होईल. तिचं कसं होईल?"

 

पुढच्या रविवारी त्याने तो कॉम्प्युटर उचलून मागच्या अंधाऱ्या कोपऱ्यात नेला आणि वर चादर टाकली. बाई आल्याच तर त्यांना दिसायला नको, म्हणून. येतील याची मात्र त्याला खात्री नव्हती. कळ दाबून बघ, वायर हलवून बघ, असं त्याचं चाललं होतं. डहाणूकडून एक मोठं कुटुंब आलं होतं आणि मी खाकरून सुरुवात करणार, तेवढ्यात फाटकाशी रिक्षा थांबली. काखेत पर्स, अंबाड्यात गजरा.

आत आल्या, इकडे तिकडे बघितलं. "आमचा कुठे ठेवलात?" आलोशियसने चादरीकडे बोट केलं. "आणा बाहेर. तोंड लपवायला त्यानं काय पाप केलंय?"

आम्ही दोघांनी तो उचलून आणला. बाईंनी पहिल्यापासून सगळं सांगितलं. एसी झाला, पंखा झाला, माणसं हसली. मग त्या पांढऱ्याशुभ्र कॉम्प्युटरपाशी थांबल्या आणि वरच्या रिकाम्या कोपऱ्यावर त्यांनी बोट ठेवलं. "इथे बघा," म्हणाल्या. "इथे कुंकू होतं. माझ्या मैत्रिणीनं लावलेलं. तिचं नाव विनिता." आणि सगळी हकिगत सांगितली, अंगठ्यासकट, नव्या साहेबांसकट. माणसं वाकून वाकून बघत होती. तिथे काहीही नव्हतं, तरी बघत होती. मीही बघितलं.

आलोशियस दाराच्या चौकटीला धरून उभा होता. त्या कुटुंबातल्या एका बाईने स्वतःच्या कपाळाला नकळत हात लावला आणि तावातावाने विचारलं, "मग पुसलं कोणी ते?"

सावित्रीबाईंनी दाराकडे बघितलंसुद्धा नाही.

"आमच्यातल्याच एका भल्या माणसानं," त्या म्हणाल्या. "आठवडाभर खपून."